दाखल-खारीज

समन्स माझ्या नावानं नव्हतं, रजिस्टरच्या नावानं होतं.
मी फक्त ते काखेत धरून
मानेवाड्याहून ऑटोनं सिव्हिल लाइन्सला आले.
लाल कापडात बांधलेलं, पोथीसारखं.
एप्रिलचा शेवट. कोर्टातल्या कूलरला वाळा नवा होता,
पाणी नव्हतं.

आरोपीचे वकील म्हणाले, बाई, तुम्ही कोण?
लीलावती बारापात्रे, कनिष्ठ लिपिक, बावीस वर्षं.
जन्मतारीख वाचा.
वाचली. नऊ ऑक्टोबर. सोबत डागा दवाखान्याचा कागद.
म्हणजे त्या शनिवारी, वीस जानेवारीला,
सोळा वर्षं, तीन महिने, अकरा दिवस.

वकील हसले. तुमच्या शाळेत तर
निम्मी पोरं एक जूनलाच जन्मतात म्हणे?
जन्मतात, साहेब.
माझीही एक जूनच आहे.
काटोलकडच्या शाळेत गुरुजींनी विचारलं, पोरगी कधीची?
आई म्हणाली, ज्वारी हुरड्यावर होती तवाची.
गुरुजींनी टाकलं, एक जून.
कोणी कधी जन्मायचं, तेही त्यांच्याच हातात.
आई पाया पडली होती त्यांच्या.
पण हे सगळं मी बोलले नाही. एवढंच म्हटलं,
या पोरीची तारीख खरी आहे.

तिचं नाव इथं लिहीत नाही. कायद्यानं बंदी आहे.
नसती तरी लिहिलं नसतं.

मग संमती हा शब्द आला.
मोबाइलमधले मेसेज वाचून झाले.
हो सर. येते सर. ठीक आहे सर.
प्रत्येक 'हो'वर वकिलांनी बोट टेकवलं,
जणू तिथं अंगठा उठलेला आहे.
मी बावीस वर्षं ऑफिसच्या खिडकीतून हजेरी ऐकते.
साठ पोरं, एका सुरात, येस सर, येस सर.
त्याचा अर्थ एवढाच असतो
की मी वर्गात आहे,
मला गैरहजर मांडू नका.
निखाडे सरांच्या हातात प्रात्यक्षिकाचे गुण होते.
तोंडी परीक्षाही तेच घेत.

जेवणाच्या सुट्टीत बाहेर व्हरांड्यात
पाचपावलीचा एक पोरगा बेड्यांत बसलेला, एकोणीस वर्षांचा.
समोर एक पोरगी त्याच्यासाठी रडत होती, सतरा पूर्ण.
पळून गेले होते दोघं, रामटेकला सापडले.
तोच कायदा, तोच अठराचा आकडा.
शिपाई म्हणाला, काय करता बाप्पा, आकडा आहे.
मला काही सुचलं नाही.
एवढंच दिसलं की या पोरीला
समोरच्याला 'नाही' म्हणता येत असणार,
आणि म्हणाली तर तिला कोणी नापास करणार नव्हतं.
डब्यातली पोळी तशीच परत गुंडाळली.

हेडमास्तर सकाळीच म्हणाले होते,
बाई, विचारतील तेवढंच सांगजा.
शाळेचं नाव जाऊन राहिलं.
जाऊन राहिलं होतं ते शनिवारीच गेलं होतं, सर.
हेही मी तेव्हा बोलले नाही.

दुपारी साक्ष संपली. सही केली.
तुम्ही जाऊ शकता, म्हणाले.
उठताना पिशवी जड लागली.

पिशवीत दुसरं रजिस्टर होतं. कोणी मागितलेलं नाही.
प्रयोगशाळेच्या किल्लीचं.
शाळा सुटल्यावर, दीड वाजता, किल्ली नेली: निखाडे.
कारण: जादा तास.
परत: चार दहा.
नोव्हेंबरपासून अकरा शनिवार.
अक्षर माझं.
किल्ली माझ्या हातानं दिलेली,
वर हसून म्हटलेलं, सर, किती करता हो पोरांसाठी.

साहेब, म्हटलं, अजून एक वही आहे.
वकील उठले, हरकत आहे म्हणाले.
न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.
मी कापडाची गाठ सोडायला घेतली.
सुटेना लवकर.
मीच बांधलेली.